तेलाच्या डब्यावर तारीख घाला

पत्र:

काकू, आम्ही बडोद्याच्या रावपुऱ्यातले. घरात पाच माणसं. सासूबाई, आम्ही दोघं, बारावीतला मुलगा आणि आठवीतली मुलगी. माझं वय ४३, वजन ७४ किलो. रक्तातली साखर काठावर आहे. औषध नाही, पण सहा-सात किलो उतरवा असं डॉक्टरांनी बजावलंय. म्हणून फोनवर कॅलरी मोजायचं ॲप घेतलं. दोन महिने रोज सगळं भरते. ॲप म्हणतं मी १४०० कॅलरी खाते, पण वजन जिथल्या तिथे. आमच्याकडे सगळं घरी होतं, मसालेसुद्धा. ‘एक वाटी आमटी’ टाइप केलं की नऊ आमट्या समोर येतात, ९० पासून २४० कॅलरीपर्यंत. यातली आमची कुठली? शेवटी डिजिटल काटा आणला आणि ताटात वाढून झालेलं मोजायला लागले, तर सासूबाई म्हणाल्या, “आमच्या घरात जेवणाऱ्याच्या पोळ्या आजवर कुणी मोजल्या नाहीत.” दोन दिवस अबोला. हे म्हणतात, “त्यापेक्षा पाकिटातले ओट्स खा, त्यावर आकडा छापलेला असतो.” घरचं ताजं खाऊन कॅलरी मोजता येतात का, की हा नादच सोडू? जाता जाता एक, उत्तरायणाला फोडलेला सिंगतेलाचा, म्हणजे शेंगदाणा तेलाचा, १५ किलोचा डबा ३० मार्चला संपला. हे जास्त आहे का हो?

उत्तर:

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ अगदी शेवटी आली, आणि तीही ‘जाता जाता’ म्हणून. मी तिथूनच सुरुवात करते.

१४ जानेवारी ते ३० मार्च म्हणजे ७५ दिवस. १५ किलो म्हणजे १५,००० ग्रॅम. रोजचे झाले २०० ग्रॅम, पाच जणांत माणशी ४०. तेलाच्या प्रत्येक ग्रॅमला ९ कॅलरी, म्हणजे माणशी दिवसाला ३६० कॅलरी नुसत्या तेलाच्या. पोळीवरचं तूप, दाण्याचं कूट, रविवारचं फरसाण यात अजून धरलेलंच नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत २००० कॅलरीच्या दिवसभराच्या जेवणात वरून घालायचं तेल-तूप सगळं मिळून २७ ग्रॅम धरलंय. तेव्हा हो, जास्त आहे. बडोद्यातल्या पुष्कळ घरांत असतं तितकंच जास्त, म्हणून एकट्या स्वतःला दोष देऊ नका.

आता फोन उघडा आणि काल ‘तेल’ म्हणून वेगळं काय भरलंत ते बघा. माझा अंदाज, काहीच नाही. आमटी भरली, भाजी भरली, पोळी भरली, आणि त्यातलं तेल ॲपने कुणा परक्या बाईच्या आमटीवरून ठरवलं.

समईत जळलेलं तेल, पुऱ्या तळून उरलं आणि टाकून दिलं ते, पाहुण्यांच्या वाट्याचं, असं सगळं वजा करा. शिवाय बारावीतला मुलगा काही तुमच्याएवढंच जेवत नाही. तरीसुद्धा तुमचा वाटा ३० ग्रॅमच्या खाली जाईलसं मला वाटत नाही.

दुसरं असं, की वजन दोन महिने हललं नाही ही तक्रार म्हणून बघू नका, ती मोजणीच आहे. शरीर जमाखर्च बरोबर ठेवतं. वजन जागच्या जागी आहे याचा अर्थ जेवढं जातंय तेवढंच जळतंय. बैठं काम करणाऱ्या ५५ किलोच्या भारतीय स्त्रीची रोजची सरासरी गरज आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, २०२० मध्ये १६६० कॅलरी धरली आहे. तुम्ही ७४ किलोच्या, घर सांभाळता, जिने चढता. तुमचा खर्च त्याहून कमी असणं कठीण. म्हणजे ॲपचे १४०० खरे नाहीत, निदान अडीचशे-तीनशे कॅलरी कुठेतरी निसटतायत. कुठून, ते डब्याने सांगितलंच.

आता त्या नऊ आमट्या. त्यातली एकही खोटी नसेल!

परवा मी घरी मुद्दाम मोजून आमटी केली. तुरीची डाळ २०० ग्रॅम, तिच्या साधारण ६६० कॅलरी. फोडणीला तेल ३० ग्रॅम, २७०. गूळ २५ ग्रॅम, ९०. ओलं खोबरं २० ग्रॅम, ७५. टोमॅटो, आमसूल, गोडा मसाला मिळून २०. एकूण १११५. उकळी आल्यावर पातेलं तसंच काट्यावर ठेवलं, २२७० ग्रॅम. रिकामं पातेलं ६२० ग्रॅमचं, म्हणजे आमटी १६५० ग्रॅम. १११५ ला १६५० ने भागलं की ग्रॅमला ०.६८ कॅलरी येतात. माझ्या वाटीत १५० ग्रॅम मावते, म्हणजे वाटीला १०० च्या आसपास. हीच आमटी कुणी घट्ट ठेवली, ११०० ग्रॅमच भरली, तर तीच वाटी १५० ची होते. डाळ तीच, तेल तेच, फरक फक्त पाण्याचा. पाण्याला कॅलरी नसते, पण वाटीत जागा तेच अडवतं. म्हणून ‘वाटी’ हे माप परक्याच्या आमटीला लावता येत नाही. स्वतःच्या आमटीला मात्र छान लावता येतं, कारण तुमच्या घरची आमटी रोज साधारण तेवढीच पातळ होते. त्या बाबतीत तुमच्या सासूबाईंचा हात कुठल्याही यंत्राइतका पक्का असणार.

घरच्या स्वयंपाकाची मोजणी एवढीच आहे. शिजवायच्या आधी आत काय काय गेलं ते कच्चं मोजायचं, शिजल्यावर सगळं मिळून किती झालं ते मोजायचं, आणि आपल्या वाटीत त्यातलं किती आलं ते बघायचं. त्यासाठी रिकाम्या भांड्यांची वजनं एकदाच करून ठेवा. आपल्याकडे भांड्यांवर नावं घातलेली असतात, त्याचा इथे फार उपयोग होतो. ‘मामीकडून, १९९८’ ते पातेलं ६२० ग्रॅम, ‘वास्तुशांत’ असं घातलेली कढई ११४० ग्रॅम, अशी यादी करून ओट्यावरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. भांड्याच्या बुडावर नेलपॉलिशने आकडे लिहायचा उद्योग मी करून पाहिला. गॅसच्या आचेने आठवड्यात जळून गेले आणि घरभर वास सुटला तो वेगळाच.

यादी का हवी तेही सांगते. मी आपल्या युनिव्हर्सिटीत गृहविज्ञान शिकले. हंसाबेन मेहता कुलगुरू असताना, १९५० मध्ये सुरू झालेली ती फॅकल्टी. आता तिचं नाव बदललंय, जुन्या मुली अजून होम सायन्सच म्हणतात. तिथे ग्रॅम-ग्रॅमचा हिशोब शिकलेली मी, लग्नानंतर पहिल्यांदा घरच्या खिचडीची मोजणी केली तेव्हा कुकरचं वजन वजा करायचंच विसरले. दोन किलोच्या वर निव्वळ ॲल्युमिनियम आम्ही दोघांनी खाल्लं असा हिशोब वहीत आठवडाभर होता.

कच्चं आणि शिजलेलं यांची गल्लत ही दुसरी मोठी चूक, आणि तुमच्या पत्रावरून ती तुमच्याकडेही होत असावी. १०० ग्रॅम कच्च्या तांदळात ३५० च्या आसपास कॅलरी. त्याचा भात होतो जवळजवळ ३०० ग्रॅम. म्हणजे १०० ग्रॅम भातात ११५-१२०. ताटातला १५० ग्रॅम भात मोजून तुम्ही ॲपमध्ये ‘तांदूळ १५०’ असं निवडलंत, तर पावणेदोनशेच्या जागी सव्वापाचशे लागतात. मग त्या दिवशी घाबरून रात्रीचं जेवण सोडायचं आणि साडेदहाला डब्यातला चिवडा काढायचा! चिवडा अर्थात ॲपमध्ये जात नाही.

कोरडे आकडे कुठून घ्यावेत असं विचाराल. हैदराबादच्या त्याच पोषण संस्थेने २०१७ मध्ये ५२८ भारतीय खाद्यपदार्थांचे अन्नघटकांचे तक्ते छापले आहेत. पीठं, डाळी, भाज्या यांच्यासाठी त्यापेक्षा चांगला आधार नाही. फक्त एक लक्षात ठेवा, त्यात ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिली आहे. कणकेसमोर १३४० च्या जवळपासचा आकडा पाहून माझी एक मैत्रीण खुर्चीतच बसली होती. त्याला ४.१८४ ने भागा, ३२० कॅलरी येतात. ॲपमध्येही शिजलेले पदार्थ शोधायचं सोडा, कच्चे जिन्नस भरून ‘माझी पाककृती’ अशी नोंद करा. बहुतेक ॲपमध्ये ती सोय असते.

आता सासूबाई. त्यांचं मला पटतं. जेवणाऱ्याच्या ताटाकडे काटा घेऊन जाणं हे आपल्या रीतीला धरून नाही, आणि काट्याची टकटक ऐकत जेवणाऱ्याच्या घशाखाली घास उतरत नाही. पण ताटातलं मोजायची गरजच काय? परातीतलं मोजा. सकाळी कणीक भिजवायच्या आधी तिचं वजन करा. समजा ६०० ग्रॅम झाली आणि दिवसभरात तिच्या २४ पोळ्या लाटल्या, तर एका पोळीत २५ ग्रॅम कणीक, ८० कॅलरी. घडीत लावलेलं आणि वरून फिरवलेलं तेल ३ ग्रॅम धरलं तर आणखी २७. पोळी १०७ ची. वर अर्धा चमचा तूप सोडलं की १३० च्या घरात. कोण किती खातं ते कुणी मोजत नाही, तुम्ही किती खाल्ल्या ते तुम्हाला मनातल्या मनात ठाऊक असतंच. आणि एकदा सासूबाईंनाच विचारा, “आई, एवढ्या कणकेच्या तुमच्या हातच्या किती पोळ्या होतात?” त्या न मोजता सांगतील आणि आकडा बरोबर निघेल.

तेलासाठी एक युक्ती देते, तिला कुणाचीही परवानगी लागत नाही. डब्यातून ज्या किटलीत तेल काढून ठेवता ती भरलेली किटली काट्यावर ठेवायची आणि शून्य करायचं बटण दाबायचं. आता किटली उचलून फोडणीला तेल घाला, सासूबाईंना घालू द्या, हवं तेवढं. किटली परत काट्यावर ठेवली की आकडा दिसेल, उणे ३४ वगैरे. कढईत गेलं ते तेवढं. चमचे नाहीत, पळ्या नाहीत, कुणाचा हात धरणं नाही. काटा कायम किटलीखालीच राहू द्या, जणू किटलीचा पाट आहे. आठवड्याभरात घरातल्या सगळ्यांना त्याचा विसर पडतो.

आठवडाभर हे केलंत की भाज्यांकडे बघायची तुमची नजर बदलेल. भरल्या वांग्यांचं घ्या. अर्धा किलो वांगी, सगळी मिळून १२५ कॅलरी. त्यात ७५ ग्रॅम दाण्याचं कूट, ४०० कॅलरी. तेल ६० ग्रॅम, ५४०. हजारापैकी वांग्याच्या वाट्याला सव्वाशे! तेव्हा खंडेराव मार्केटमधून आणलेली मेथी, दुधी, दोडका, गवार यांचं वजन करत बसू नका. ‘भाजी, साधारण’ एवढं लिहिलं तरी पुरे. बटाटा, सुरण, रताळं असेल तर मोजा. बाकी लक्ष तेल, तूप, दाणे, खोबरं, साखर-गूळ एवढ्यांवरच ठेवायचं. पाच-सहा जिन्नस आहेत, त्यांत जवळजवळ सगळी चूक दडलेली असते.

तळणाचं थोडं वेगळं. पुऱ्या केल्यात तर कढईसकट तेलाचं वजन आधी आणि गार झाल्यावर नंतर करा, मधलं तेल पुऱ्यांत गेलं. गरम कढई काट्यावर ठेवू नका, मी ठेवली होती, काट्याची काच तडकली.

चहाचं तुम्ही लिहिलंच नाहीत, त्यावरून तो घरात भरपूर होत असणार असं मी धरते. १०० मिली फुल क्रीम दूध, म्हणजे ६ टक्के फॅटचं, ८७ कॅलरीच्या आसपास. दोन चमचे साखर ४०. कप झाला सव्वाशेचा. ॲपमधले चहा बहुधा पाणीदार असतात, चाळीस-पन्नासचे. दिवसाला तीन कप धरले तर इथे सव्वादोनशे-अडीचशे कॅलरी गायब. दूध टोन्ड आणलंत, ३ टक्क्यांचं, तर कपामागे २८ वाचतात. साखर एक चमचा केली तर आणखी २०. तीन कपांत दीडशेला थोडं कमी. साखर काठावर असलेल्या बाईला हे औषधासारखं आहे, पण चहातली साखर एकदम बंद करू नका. चौथ्या दिवशी चहा नकोसा होतो आणि सहाव्या दिवशी बिस्किटं येतात.

फरसाणावर मी फार बोलत नाही, बडोद्यात राहून बोलूही नये. लीलो चेवडो ओलसर लागतो म्हणून हलका वाटतो एवढंच ध्यानात ठेवा. शेवटी तो तळलेला बटाटा आणि हरभऱ्याची डाळ आहे. शेव, पापडी, गाठिया १०० ग्रॅमला ५०० च्या वर जातात. पुडा हातात घेऊन खाऊ नये, वाटीत काढून घ्यावा, आणि ती वाटी एकदा काट्यावर ठेवून बघावी. सेव-उसळ खायला बाहेर गेलात तर काटा घेऊन जाऊ नका. त्या दिवशी वहीत ‘सेव-उसळ’ असा शब्द लिहायचा, आकडा नाही. महिन्याच्या शेवटी तो शब्द किती वेळा आला ते मोजलं तरी चालतं.

तुमच्या यजमानांचा ओट्सचा मुद्दा. पाकिटावर आकडा असतो हे खरं, पण तो १०० ग्रॅमचा किंवा ३०-४० ग्रॅमच्या एका वाढपाचा, तोही कोरड्याचा. वाडग्यात तुम्ही किती ओतता, दूध कुठलं घालता, वर किती मध-बदाम जातात ते पाकिटाला माहीत नसतं. मोजायचं तिथेही चुकत नाही. शिवाय छापील आकडा आणि तुमचा आकडा यांची जात एकच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत ॲटवॉटर या रसायनशास्त्रज्ञांनी प्रयोग करून पिष्ट आणि प्रथिनं यांना ग्रॅममागे ४ आणि स्निग्धाला ९ असे भाव ठरवले, त्याच हिशोबाची ही सगळी बेरीज आहे. कारखान्यातही आणि तुमच्या ओट्यावरही. ओट्स आवडत असतील तर जरूर खा, आकडा छापलाय म्हणून खाऊ नका. आकड्यासाठी ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी सोडणं हे मला तरी उलटं वाटतं. घरात ती होते त्या दिवशी तर भाकरीचं पीठ मोजायचं आणि बाकी विसरून जायचं, इतकं सोपं जेवण दुसरं नाही.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण मला सांगितल्यावाचून राहवत नाही. मुलगी आठवीत आहे. तिच्यासमोर ‘कॅलरी’ हा शब्द नको, वजनाचा आकडा नको, ‘मी आज पाप केलं’ असलं बोलणंही नको. या वयात मुली आईच्या ताटाकडे फार बारकाईने बघतात. शिकवत होते त्या काळात आकडा डोक्यात बसल्यामुळे जेवणच तोडलेल्या मुली मी पाहिल्या आहेत, आणि त्यातून त्यांना बाहेर काढायला आईवडिलांना वर्षं लागली. काटा, वही, ॲप सगळं स्वयंपाकघरात आणि तुमच्यापुरतं. तुमच्या स्वतःच्या बाबतीतही, एखाद्या दिवशी नोंद राहिली म्हणून झोप लागेनाशी झाली, तर पंधरा दिवस सगळं बंद ठेवा. आणि पुढे साखरेवर गोळी सुरू झालीच, तर जेवण कमी करायच्या आधी डॉक्टरांशी बोला.

हे रोज आयुष्यभर करायचं का? छे! तीन आठवडे करा. कुठल्याही घरात फिरून फिरून वीस-पंचवीसच पदार्थ होतात, तुमच्याकडेही तसंच असेल. तीन आठवड्यांत बहुतेक एकदा तरी येऊन जातात. आमटी वाटीला शंभर, खिचडी वाटीला अमुक, पोळी १०७, अशी एक पानभर यादी तयार होते. ती यादी हीच तुमच्या घरची, तुमच्या पातेल्याची, सासूबाईंच्या हाताची. मग ॲप काढून टाकलंत तरी चालेल. त्यानंतर लक्ष ठेवायचं ते किटली, चहा आणि फरसाणाच्या वाटीवर. आकडे दहा-पंधरा टक्क्यांनी चुकतीलच, चुकू देत. रोज सारखेच चुकले म्हणजे झालं, वजन कुठे झुकतंय ते तरीही कळतं. वजनही रोज करू नका, आठवड्यातून एकदा, सकाळी, चहाच्या आधी.

कमी कुठून करायचं ते आकड्यांवरूनच दिसतंय. घरातलं तेल रोज २०० ऐवजी १५० ग्रॅम झालं तर तुमच्या वाट्याचे १० ग्रॅम वाचले, म्हणजे ९० कॅलरी. चहातले दीडशेच्या जवळपास. मिळून सव्वादोनशे ते अडीचशे. किलोभर चरबीच्या ७७०० कॅलरी धरतात, त्या हिशोबाने महिन्याला साधारण एक किलो. पुढे पुढे वेग मंदावतो, तेव्हा सहा-सात किलोंना आठ-दहा महिने लागतील हे गृहीत धरा. पोळी सोडायची नाही, भात सोडायचा नाही, आणि मुलाच्या पानातलं काही कमी करायचं नाही. त्याला वरून तूप वाढा हवं तर.

५० ग्रॅम तेल कसं कमी करायचं हे मी सांगणार नाही, ते सासूबाईंवर सोपवा. “आई, डॉक्टरांनी तेल कमी करायला सांगितलंय, चव न बिघडवता कुठे कमी होईल?” एवढंच विचारा. थालीपिठाच्या मधल्या भोकात किती सोडायचं, वांगी आधी वाफवून घेतली तर फोडणीला किती पुरेल, हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं. आजवर त्यांना कुणी विचारलं नसेल, इतकंच.

नवा डबा आणला असेलच. वरच्या पत्र्यावर फोडल्याची तारीख मार्करने मोठी लिहा. पाच माणसांत रोज १५० ग्रॅमने तो १०० दिवस चालायला हवा. तुम्ही १५ किलोचाच घेता ना, तेही एकदा डब्यावर वाचा. १५ लिटरचा असला तर त्यात तेल पावणेचौदा किलोच्याच आसपास असतं, कारण लिटरभर तेलाचं वजन ९१० ग्रॅम भरतं. तसा असेल तर ९१ दिवस धरा. संपला त्या दिवशी मला दोन ओळी लिहा. आणि सासूबाईंच्या तेलाच्या पळीत किती ग्रॅम मावतं तेही कळवा. माझ्या सासूबाईंची अठराची निघाली होती, आणि मी तिला सहा वर्षं ‘एक चमचा’ धरत होते.